गुलाबराव रंगारींची दोन कार्डं

गुलाबराव रंगारींना डोळे नव्हते, पण ऑफिसात कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय हे त्यांना आवाजावरून कळतं, असं सगळे म्हणत. ते स्वतःही तसंच समजत. एका माणसाच्या बाबतीत मात्र त्यांचा कान बारा वर्षं फसला. पुढे जे घडलं त्यात त्या माणसावरचा राग होताच, पण स्वतःच्या कानावरचाही तेवढाच होता.

नऊ वर्षांचे असताना अंगावर देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. वडील गोंदियाकडचे, रेल्वेत खलाशी म्हणून रायपूरला आले आणि तिथेच वारले. आई कांताबाईने पोराला नागपूरच्या अंधशाळेत घातलं. तिथे ते ब्रेल शिकले, इंग्रजी टायपिंग शिकले, टेलिफोनचा बोर्ड चालवायला शिकले, आणि ब्याऐंशी साली रायपूरच्या एका ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागले. ऑफिसचं नाव सांगण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारचं होतं, कागद बहुतेक इंग्रजीत आणि थोडे हिंदीत निघायचे, एवढं पुरे.

अठ्ठ्याऐंशी सालापासून कागद वाचून दाखवायचे नरहर ठवकर. आस्थापना शाखेतले कारकून, मूळचे भंडाऱ्याचे, म्हणजे आपलाच माणूस. दुपारच्या चहाला ते एक्सचेंजच्या खोलीत यायचे, टेबलावरचे कागद उचलायचे आणि वाचायचे. "गुलाबभाऊ, हे सुट्टीचं हाय. हे हजेरीचं. हे फालतू." गुलाबराव सगळ्यांना सांगायचे, नरहरभाऊ म्हणजे माझे डोळेच समजा.

वाचून झालेला प्रत्येक कागद गुलाबराव परत मागून घ्यायचे. टाचणीने कोपऱ्यात तारखेचे ठिपके टोचायचे आणि घरच्या लोखंडी पेटीत टाकायचे. नरहरभाऊ हसायचे. "काय करता जी जमवून? तुमच्या पेटीत कागद म्हणजे विहिरीत गोटा."

तेव्हा घर सदर बाजारच्या मागच्या गल्लीत होतं, सोनाराच्या दुकानावर दुसऱ्या माळ्याला. बावीस पायऱ्यांचा जिना, कठडा नाही. कांताबाई रोज सकाळी लेकाचा हात धरून खाली उतरायची, स्कूटर-सायकलींच्या गर्दीतून त्याला टेम्पोपर्यंत पोचवायची आणि परत बावीस पायऱ्या चढायची. संध्याकाळी पुन्हा तेच. नरहरभाऊंना एक्क्याण्णव साली ऑफिसच्या मागेच क्वार्टर मिळालं होतं, चौदा नंबरचं, तळमजल्यावर, पुढे अंगण. दर दिवाळीला मायलेक तिथे फराळाला जायचे. एकदा कांताबाई अंगणात बसली असताना म्हणाली, "असं एक घर आमाले भेटलं असतं तर पोराले कोणाचा हात लागला नसता." नरहरभाऊ म्हणाले, "लागन ना काकू नंबर. मी पाहून राहिलो ना!"

शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये कांताबाई त्या जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. चार महिने अंथरुणात काढले आणि गेली. तिच्या मागे गुलाबराव एकटेच चढउतार करू लागले, भिंतीला तळवा लावून. दोन हजार साली छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, भोपाळहून साहेब लोक आले आणि ज्या खोलीला कोणी विचारत नव्हतं तिलाही गिऱ्हाईक आलं. सोनाराने खोली खाली करून मागितली. गुलाबराव शहराबाहेर बिरगावला गेले. तिथे कारखान्यांची काजळी इतकी, की सकाळी पुसलेल्या ताटावर संध्याकाळी बोटाने नाव लिहावं.

दोन हजार तीनमध्ये ऑफिसात नवे कम्प्युटर आले आणि जुन्यातला एक एक्सचेंजमध्ये आणून ठेवला गेला, फोन नंबरांची यादी करायला. आंधळ्या माणसासमोर पडदा! सगळे हसले, गुलाबरावही हसले. मग त्यांनी मशीनच्या पाठीवरून हात फिरवला आणि आणून ठेवणाऱ्याला विचारलं, "याले बोलता येते का?"

"नहीं भैया, इसमें साउंड कार्ड नहीं है."

त्या उत्तराने ते दोन दिवस अस्वस्थ होते. नागपूरच्या शाळेतला एक मित्र फोनवर सांगायचा, की आता पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आलाय, आणि छापील कागद काचेवर ठेवला तर तोही वाचतो. शनिवारी ते समता कॉलनीत बुद्धभूषण मेश्रामच्या दुकानात गेले. बुद्धभूषण चाळिशीचा, आधी टीव्ही दुरुस्त करायचा, आता कम्प्युटर जोडायचा. गुलाबरावांना दादा म्हणायचा.

"दादा, मशीन मुकं हाय एवढंच," तो म्हणाला. "आतमध्ये खाचा रिकाम्या असतात. जे पायजे त्याचं कार्ड खाचेत बसवायचं. आवाजाचं टाकलं का बोलन. स्कॅनरचं टाकलं का पाहीन."

"म्हणजे तोंड वेगळं विकत मिळते, डोळे वेगळे?"

"तसंच समजा."

सदर बाजारातल्या एका बंद पडलेल्या छापखान्याचा जुना स्कॅनर बुद्धभूषणकडे पडला होता. तो चालायला त्याचं वेगळं कार्ड लागायचं, तेही होतं. ऑफिसातून रीतसर परवानगी काढून गुलाबरावांनी दोन्ही कार्डं घेतली. एका शनिवारी एक्सचेंजमध्ये त्यांची एकट्याची ड्युटी असताना बुद्धभूषण आला. डबा उघडून तो म्हणाला, "दादा, आधी लोखंडाले हात लावा, मग कार्डाले. अंगातली वीज कार्डाले मारते." गुलाबरावांनी पत्र्याला तळवा टेकला आणि मग बोटं आत घातली. चार अरुंद खाचा शेजारी शेजारी. कार्डाच्या खालच्या कडेला दातांसारख्या बारीक पट्ट्या, मध्ये एक फट. फट खाचेतल्या उंचवट्यावर आणली, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, आणि कार्ड बसल्याचं बोटांना कळलं. दोन्ही कार्डं त्यांनी स्वतःच बसवली.

नागपूरच्या मित्राने पाठवलेला वाचायचा प्रोग्रॅम बुद्धभूषणने आत घातला आणि मशीन सुरू झालं. आधी खरखर झाली आणि मग एक परदेशी पुरुष सपाट आवाजात इंग्रजी बोलू लागला. गुलाबरावांनी टेबलाची कड घट्ट धरली. पण स्कॅनर चालू केला रे केला की आवाज बंद व्हायचा. स्कॅनर थांबवला की पुन्हा यायचा. बुद्धभूषणने तासभर डोकं खाजवलं. "दोन्ही कार्डं एकच लाईन मांगून राहिले, दादा. एक बोलते तं दुसरं अडते."

गुलाबरावांना हसू आलं. एका लाईनवर दोन एक्स्टेंशन पडली की काय होतं हे त्यांना वीस वर्षं ठाऊक होतं. "मग एकाले दुसऱ्या जागी नेऊन बसव ना!" त्यांनी मशीन बंद करायला लावलं, पत्र्याला हात लावला, स्कॅनरचं कार्ड उपसलं आणि शेवटच्या खाचेत बसवलं. या वेळी स्कॅनर घरघरला आणि आवाजही टिकला.

पुढच्या शनिवारी ते पेटीतले कागद पिशवीत भरून घेऊन आले. हातात आला तो कागद काचेवर ठेवायचा, एवढाच विचार होता. खेळणं नवं होतं, दुसरं काय. सुट्टीचे आदेश, हजेरीचे मेमो, एका साहेबाच्या निरोपाचं आमंत्रण. नरहरभाऊंनी जसं सांगितलं होतं तसंच सगळं. तेवढ्यात एक्क्याण्णवच्या नोव्हेंबरचा एक कागद लागला. टाइप जुना, पुसट. मशीन अडखळत वाचू लागलं. "श्री जी रँगॅरी" म्हणालं, "क्वार्टर नंबर फोर्टीन" म्हणालं आणि मग एक शब्द असा म्हणालं की कळेचना. अन्वी, इलेव्हन, इंगनेस.

दुसऱ्यांदा ठेवला. पुन्हा इलेव्हन. गुलाबराव टायपिंग शिकलेले होते. जुन्या टाइपरायटरवर एकचा आकडाच नसतो, एल अक्षरानेच एक मारतात, हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. मशीनला दोन एल म्हणजे अकरा वाटले होते. त्यांनी अकराच्या जागी दोन एल ठेवले. अनविलिंगनेस. अनिच्छा.

मग ते पत्र त्यांनी सात वेळा ऐकलं. मजकूर चार ओळींचा होता. दृष्टिहीन कर्मचारी म्हणून श्री. रंगारी यांना चौदा नंबरचं क्वार्टर देऊ केलं होतं. त्यांनी सहीनिशी अनिच्छा कळवली आहे. तिची नोंद घेण्यात येत असून क्वार्टर यादीतले पुढचे कर्मचारी श्री. एन. ठवकर यांना देण्यात येत आहे.

सही कधी केली तेही त्यांना आठवलं. दिवाळीच्या आधी. "इथं सही करा गुलाबभाऊ, सुट्टीचा अर्ज भरून टाकतो." आणि हे पत्र आलं तेव्हा वाचलं होतं, "फालतू हाय."

बोर्डावर कोणाचा तरी फोन वाजत राहिला. त्यांनी तो उचलला नाही. नोकरीत पहिल्यांदाच. त्यांच्या डोक्यात फक्त बावीस पायऱ्या होत्या, आणि आई म्हणत होती, कोणाचा हात लागला नसता.

सोमवारी ते नेहमीसारखे वागले. सकाळी शिपाई एक इंग्रजी परिपत्रक ठेवून गेला. खोलीत कोणी नसताना गुलाबरावांनी ते काचेवर घातलं. ऑफिसला लागून असलेली तळमजल्याची क्वार्टरं दृष्टिहीन कर्मचाऱ्यांना प्राधान्याने द्यायची आहेत, ती दुसऱ्या कोणाकडे असली तर अदलाबदल केली जाईल, अर्ज तीस तारखेपर्यंत. दुपारी नरहरभाऊ चहाला आले. गुलाबरावांनी परिपत्रक पुढे केलं.

"हे काय हाय पाहा बरं."

कागद जरा वेळ हातात राहिला. "हिंदी पखवाडा हाय जी," नरहरभाऊ म्हणाले. "निबंध स्पर्धा. तुमच्या कामाचं नाही."

आवाजात काहीच नव्हतं. ना काप, ना घाई. तोच मायाळू आवाज.  हा माणूस दीड वर्षात रिटायर होणार, मुलगा अभिनव याच ऑफिसात लागलेला, क्वार्टर मुलाच्या नावावर करून घ्यायचं चाललेलं, हे त्यांना ठाऊक होतं. "बरं झालं सांगितलं भाऊ," ते म्हणाले आणि दोघांनी चहा घेतला. चारच्या सुमारास गुलाबरावांनी स्वतः अर्ज टाइप केला आणि स्वतःच नेऊन दिला. कुणालाही एक अक्षर बोलले नाहीत.

प्रशासनाच्या वर्मा मॅडम अर्ज वाचून चकित झाल्या आणि एक्सचेंजमध्ये मशीन पाहायला आल्या. गुलाबराव म्हणाले, "मैडम, शुक्रवार को सबके सामने दिखाऊँगा. सब स्टाफ को बुलाइए." नरहरभाऊ म्हणाले, तेवढ्या लहानशा खोलीत कोण मावणार. गुलाबराव हसून म्हणाले, "तुमी तं आलेच पायजे. माझे डोळे ना तुमी!"

शुक्रवारी खोलीत पंचवीस माणसं दाटीने उभी होती. गुलाबरावांनी एक साधा मेमो वाचून दाखवला, टाळ्या पडल्या. मग त्यांनी खणातून एक घडी घातलेला कागद काढला.

"नरहरभाऊ, आता तुमच्या हातानं ठेवा. पंधरा वर्षं तुमी वाचलं, आज मशीन वाचन."

नरहरभाऊंनी कौतुकाने कागद घेतला, घडी उघडली. मग कागद परत घडी केल्याचा बारीक आवाज झाला. तो आवाज खोलीत एकट्या गुलाबरावांनाच ऐकू आला असेल.

"ठेवा ना भाऊ. अक्षरं खाली."

"हा... हा लय पुसट हाय. याच्यानं होणार नाही."

"होते. मी सात वेळा ऐकलं."

मॅडम म्हणाल्या, "रखिए न ठवकरजी, सब देख रहे हैं." नरहरभाऊंनी कागद ठेवला. स्कॅनर घरघरला. सपाट आवाज सुरू झाला आणि गुलाबराव त्याच्या दोन शब्द पुढे, हिंदीत अर्थ सांगत, शांतपणे बोलत राहिले. अन्वी इलेव्हन इंगनेस आल्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं. गुलाबरावांनी सांगितलं की हा शब्द अनिच्छा आहे, आणि ती मी कळवली असं इथे म्हटलंय. मशीनने शेवटी "एन थॉकॅर" म्हटलं तेव्हा कोणी हसलं नाही. मग, सोमवारी हे मला हिंदी पखवाड्याचं म्हणून वाचून दाखवलं, असं सांगून त्यांनी ते परिपत्रकही काचेवर घातलं. ते संपण्याआधीच नरहरभाऊ गर्दीतून वाट काढत बाहेर गेले होते.

गुलाबरावांनी लेखी तक्रार दिली आणि चौकशी बसली. नरहरभाऊंनी लिहून दिलं, की कांताबाईनेच नको म्हटलं होतं, तिला बाजारपेठ सोडवत नव्हती. मेलेल्या बाईची साक्ष! गुलाबरावांच्या मनात कुठे थोडी जागा शिल्लक असेल तर ती त्या दिवशी बुजली.

एका संध्याकाळी नरहरभाऊंची बायको सरलाबाई बिरगावला आली. दारातच रडायला लागली. "भाऊजी, मले खरंच ठाव नव्हतं. सून पोटुशी हाय. कुठं जाऊ आमी? तक्रार मागं घ्या."

"बसा वहिनी," गुलाबराव म्हणाले. "तुमच्या हातचे अनारसे मी त्याच घरात खात होतो, माय होती तवर तीबी. बारा वर्षं."

 मग ते म्हणाले, "मशीनले हिंदी येत नाही. माझ्या पेटीतले हिंदी कागद अजून बाकी हायत. ठवकरले पाठवा. सगळे वाचून द्या म्हणा, खरे खरे. मग पाहू."

चार रविवार नरहर ठवकर बिरगावच्या त्या काजळलेल्या खोलीत सतरंजीवर बसून कागद वाचत होते. वाचलेला कागद बुद्धभूषणकडे जायचा, तो मनात वाचून "हव", म्हणजे बरोबर, म्हणायचा आणि गुलाबराव पुढचा द्यायचे. पाणी विचारलं जायचं, चहा नाही. दोनशे सोळा हिंदी कागद निघाले. प्रत्येक कागदाला त्या वेळी काय सांगितलं गेलं होतं, ते गुलाबरावांना आठवत होतं. आणि नवल असं की सगळे बरोबर होते. एकही खोटा नव्हता. पंधरा वर्षांत तो माणूस कागदांबाबत फक्त तीनदा खोटं बोलला होता, सहीच्या वेळी, पत्राच्या वेळी आणि परवाच्या परिपत्रकाच्या वेळी. बाकी सगळं त्याने इमानाने वाचलं होतं, तापात असतानासुद्धा, मुलीच्या लग्नाच्या घाईतसुद्धा.

गुलाबरावांना हे आवडलं नाही. आणखी खोटं सापडावं असं त्यांना फार वाटत होतं.

शेवटचा कागद ठेवून नरहरभाऊ म्हणाले, "झालं गुलाबभाऊ. माझी एक डाव नियत फिरली. मंग ते लपवता लपवता... आता तरी?"

"आता तरी काय?"

"तक्रार. तुमी सरलाले म्हणले होते ना, पाहू म्हणून."

"म्हणलो होतो," गुलाबराव म्हणाले. "पाहिलं. तक्रार तशीच राहीन."

"मग हे चार रविवार काहून बसवलं मले?"

"मले कागद वाचून पायजे होते. तुमी मले सुट्टीचा अर्ज म्हणून सही मांगितली होती, आठवते? मी तं तेवढंबी खोटं बोललो नाही."

नरहरभाऊंनी उठायला भिंतीचा आधार घेतला. गुलाबरावांना तळव्याचा भिंतीवर घासण्याचा आवाज आला. ते स्वतः उठले नाहीत, दारापर्यंत गेले नाहीत.

तीन महिन्यांनी निकाल लागला. उरलेल्या नोकरीसाठी ठवकरांची जगदलपूरला बदली झाली, अभिनवचा अर्ज फेटाळला गेला आणि चौदा नंबर गुलाबरावांच्या नावावर झालं. ठवकरांचं सामान हलत होतं त्या दिवशी गुलाबराव बोर्डावरच होते. खिडकीतून ट्रकचं इंजिन ऐकू येत होतं, सरलाबाई कोणाला तरी "जपून, जपून" म्हणत होती. त्यांनी उठून खिडकी लावली नाही. सगळं ऐकलं.

ऑफिसातले लोक आधी नरहरभाऊंवर थुंकत होते. आता म्हणू लागले की रंगारीनेही अति केलं, म्हाताऱ्याला वर्षभर इथेच राहू दिलं असतं तर काय गेलं असतं. चहाला एक्सचेंजमध्ये येणारी माणसं कमी झाली. गुलाबरावांना ते कळलं. त्यांनी थर्मास घेतला.

मशीन ऑफिसचं होतं, म्हणून चौदा नंबरात राहायला आल्यावर गुलाबरावांनी घरासाठी दुसरं घेतलं आणि दोन्ही कार्डं त्यात बसवून द्यायला एका रविवारी बुद्धभूषणला बोलावलं. त्याने स्क्रू आवळले, मशीन चालू करून पाहिलं आणि तारा गुंडाळत बसला.

"दादा, एक बोलू? चार रविवार तो बुढा समजत होता का तुमी माफ करून राहिले. मलेबी तसंच वाटलं होतं. मी हव हव म्हणत बसलो तिथं. मले चांगलं नाही वाटून राहिलं."

"तुले वाईट वाटणं बरोबर हाय," गुलाबराव म्हणाले. "तुले सांगाले पायजे होतं मी."

"आणि त्याले?"

"त्याले नाही."

बुद्धभूषणने औजारांची पिशवी उचलली. जाताना त्याने विचारलं, "आता बरं वाटते का पण?"

गुलाबरावांनी खरंच विचार केला. मायची उणीव होती तिथेच होती. या अंगणात तिच्यासाठी टाकायची बाज आता त्यांना एकट्यालाच टाकावी लागणार होती. पण छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटायचं, ते त्या शुक्रवारपासून नव्हतं.

"हव," ते म्हणाले. "वाटते."

बुद्धभूषण त्यानंतर फार आला नाही. काही बिघडलं की फोनवर सांगायचा, कोणतं कार्ड काढून कुठे बसवायचं ते, आणि गुलाबराव पत्र्याला हात लावून स्वतःच करायचे. त्या रविवारी तो गेल्यावर त्यांनी अंगणात बाज ओढली, उन्हाकडे पाठ केली आणि दुपारभर गाढ झोपले.